पटाची जोडी

शंकरपट बंद झाला आणि आमच्या बाबाला पळवायला काही उरलं नाही, म्हणून त्यानं आम्हाला पळवलं. लोक विचारतात, तुमच्या घरात धावण्याची आवड कुठून आली? आवड वगैरे काही नव्हती. घरी गोठा होता, पटाचे बैल होते आणि बैल पळवण्यावाचून दुसरं काही न येणारा एक माणूस होता. कोर्टानं बैल पळवायला मनाई केली. पोरी पळवायला मनाई नव्हती. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणते आहे, तोंडावर कधी म्हणाले नाही. तोंडावर 'तुमी' म्हणायचं आणि मान खाली घालायची, अशीच आमच्या घरची रीत होती.

पट ज्यानं पाहिला नसेल त्याला सांगते. दोन बैल, हलका छकडा, त्यावर एक हाकणारा आणि समोर सरळ मैदान. चहा फुंकून प्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्याआधी सगळं आटोपतं. मग भोंग्यावर बैलांच्या मालकाचं नाव आणि गाव पुकारतात. तेवढ्या एका पुकाऱ्यासाठी माणूस वर्षभर बैलाला दूध, अंडी, ढेप चारतो आणि शेताच्या कामाला हात लावू देत नाही. कपाशी आणि तुरीची आमची शेती बरी होती, खायला कमी नव्हतं, पण घरातलं पहिलं दूध गोठ्यात जायचं. बाबा बैलांचं तोंड आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायचा. आमचं नाक त्यानं कधी पुसल्याचं मला आठवत नाही.

बंदी आली तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. मग एक बैल नेरच्या बाजारात विकून आला आणि दुसऱ्यापुढे जाऊन बसू लागला.  आईला वाटलं, हा आता असाच राहतो.

तेवढ्यात आर्णीला शाळांच्या शर्यती झाल्या. मी अकरावीत होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत मी पहिली आले. बाबा त्या दिवशी बियाणं घ्यायला आर्णीला गेलेला, भोंगा ऐकून मैदानाशी थांबला होता. आपल्याकडे मुलीचं नाव पुकारलं की पाठोपाठ बापाचं नाव येतंच. ते त्याच्या कानावर पडलं. माझ्याकडे न येता तो सरळ माइकवाल्याजवळ गेला आणि म्हणाला, "एकडाव अजून पुकारा ना जी." माइकवाल्यानं पुन्हा पुकारलं. बाबा डोळे मिटून ऐकत उभा होता. त्याला माझा अभिमान वाटला असं मी तेव्हा मैत्रिणींना सांगितलं होतं. आता सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं मला उठवलं आणि माझ्याबरोबर धाकटीलाही. ती नववीत होती. तिला पळण्याचं वेड नव्हतं, तिला झोपेचं वेड होतं.

"हिले कायले नेता?" आईनं विचारलं.

"जोडीले," बाबा म्हणाला. "एकटा बैल पयत नाही."

 आईला ते पटलं असावं. आमच्या गावात कोणालाही पटलं असतं.

कालव्याच्या काठानं कच्चा रस्ता होता. तिथं नेऊन बाबानं माझं डावं मनगट आणि धाकटीचं उजवं मनगट जुन्या लुगड्याच्या पट्टीनं एकत्र बांधलं. पटात जोडीचं पाऊल जुळावं लागतं. एक बैल पुढे आणि एक मागे झाला तर छकडा तिरपा होतो. आमच्यामागे छकडा नव्हता, पण ही गोष्ट बाबाच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती. तो मोटारसायकलवर मागून यायचा, हातात बैल हाकायची तुतारी. तुतारीच्या टोकाची टोचायची आर त्यानं काढून टाकली होती. बापाची माया म्हणतात ती आमच्या वाट्याला एवढी आली.

मी वेगात होते, ती हळू. मी तिला ओढायचे, ती पडायची. मनगट बांधलेलं असल्यामुळे पडली तरी चार पावलं फरपटत यायची. मग बाबा गाडी थांबवून म्हणायचा, "उठ. पाय उचल जरा. ताईचं पाऊल पाह्य." माझं पाऊल बघत बघत तिचे गुडघे सोलून निघाले. रात्री ती खोबरेल लावायची आणि माझ्याकडे पाठ करून झोपायची. मला तिची दया यायची नाही, राग यायचा. तिच्यामुळे माझा वेग मोडतो असं वाटायचं. अंगात वेग असला की माणूस असाच होतो.

गावाला तर करमणूकच झाली. कपाशी वेचायला निघालेल्या बाया रस्त्याच्या कडेला थांबून पदर तोंडाला लावायच्या. एसटीच्या थांब्यावरचे पोट्टे लांबूनच ओरडायचे, "सुटली रे जोडी, सुटली." कोणी "हुर्र, हुर्र" करायचं. बाबाला त्यात चेष्टा दिसतच नव्हती. त्याला वाटायचं, लोक हुरूप देऊन राह्यले.

खाण्यापिण्याचे नियमही गोठ्यातलेच होते. सकाळी भिजवलेले हरभरे, दोन अंडी, दूध. पळण्याआधी पाणी नाही आणि पळतानाही नाही, कारण बैलाला पाणी पाजून पळवलं की तो जड होतो. सुरुवात मात्र जीव तोडून करायची. पटात सुरुवातच सगळं असते. आमच्या कॉलेजचे खेळाचे सर एकदा घरी आले, बाबाला नीट समजावून म्हणाले की लांबची शर्यत वेगळी असते, हळू निघावं लागतं, वाटेत पाणी प्यावं लागतं, अंग राखून ठेवावं लागतं. बाबानं त्यांना चहा पाजला. ते गेल्यावर म्हणाला, "सराच्या घरी बैल हाय का? नाही ना?"

यात एक गंमत झाली, ती कोणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही. मी पहिल्या झटक्यात सगळं अंग खर्च करायला शिकत होते. धाकटी मात्र फरपटत राहायला शिकत होती. दम लागला, पोटात दुखलं, गुडघा फुटला तरी पाऊल टाकत राहायचं, कारण थांबलं तर मनगट उखडतं. लांबच्या शर्यतीला जे लागतं ते तिच्या अंगात भरत होतं, आणि कौतुक माझं होत होतं.

मी बारावीत गेले त्या हिवाळ्यात यवतमाळला एकवीस किलोमीटरची शर्यत ठरली. सरांनी सांगितलं, पहिल्या तीन मुलींना नागपूरचं एक प्रशिक्षण केंद्र घेणार. राहणं तिथं, जेवण तिथं, पुढचं शिक्षण तिथं. बाबाला त्यात भोंगा ऐकू आला. मला दरवाजा दिसला. त्या घरातून, त्या कालव्यावरून, त्या मोटारसायकलच्या फटफटीपुढून निघून जायचं एवढंच मला हवं होतं. बाबानं अर्ज दोघींचे भरले. धाकटी पहिल्या तिघींत येईल असं कोणाला वाटत नव्हतं. ती माझ्या जोडीला पळायला होती.

त्या रात्री अंथरुणात ती एवढंच म्हणाली, "तू नागपूरले गेली तं बाबा मले कोनासंग बांधन?" मी म्हणाले, "बैलासंग." मला हसू आलं. तिला नाही आलं.

शर्यतीला महिना उरला असताना माझी उजवी नडगी दुखू लागली. आधी पळताना दुखायची, मग चालताना, मग उभं राहिलं तरी. सरांनी मला आर्णीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, हाडाला बारीक चीर आहे म्हणाले, दीड महिना पाय टेकवायचा नाही, पळाली तर हाड मोडेल. बाबानं अंगणात तो फोटो उन्हाकडे धरून पाहिला, उलटा करून पाहिला.

"रेघ तं काई दिसत नाही," तो म्हणाला. "बैल बसवला का मेला समजा."

लंगडणाऱ्या बैलाला आमच्याकडे डाग देतात. माणसाला बिब्बा लावतात. बिब्बा म्हणजे काळं, चपटं फळ. दाभणाला टोचून दिव्यावर धरलं की तेल सुटतं, आणि ते तेल लागेल तिथली कातडी भाजून निघते. वरून जाळ लावला की आतलं दुखणं निघून जातं अशी समजूत. बिब्बा आईनंच शोधून आणला. तिला माझा पाय बरा व्हायला हवा होता, यात मला आजही शंका नाही. तिनं माझा घोटा मांडीवर घट्ट धरला, धाकटीनं दिवा धरला आणि बाबानं नडगीवर वरपासून खालपर्यंत ठिपके दिले. मी ओरडले तेव्हा तो म्हणाला, "झालं, झालं, झालं," त्याच आवाजात, ज्या आवाजात तो बैलाशी बोलायचा. माझ्याशी तो इतक्या गोड आवाजात त्याआधी कधी बोलला नव्हता. आणि लाज वाटते सांगायला, मला ते बरं वाटलं.

बिब्बा उतला. सगळी नडगी सुजून फोडांनी भरली, मग फोड फुटले. वरची आग इतकी होती की आतलं दुखणं खरंच कळेनासं झालं. बाबा सगळ्या गावाला सांगत फिरला की डॉक्टरचं काही खरं नाही, बिब्ब्यानं काम केलं. आठवडाभरानं मी पुन्हा कालव्यावर होते. कोणी जबरदस्ती केली नाही. मी आपणहून बूट घातले. नागपूर दिसत होतं ना.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळपासून बाबानं आमचं पाणी तोडलं. सकाळी गूळ आणि तूप खायला घातलं. यवतमाळच्या मैदानावर गर्दी होती, मांडव होता, भोंगा होता. बाबा धुतलेलं धोतर आणि नवा दुपट्टा घालून आला होता. आयोजकांनी मोटारसायकल मागून आणू दिली नाही, तेव्हा थोडा वेळ बिचारा झाला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सुटताच काढ. मागं पाहू नोको." धाकटीला तो काहीच म्हणाला नाही.

मी सुटताच काढलं. मैदानाच्या बाहेर पडेपर्यंत मी सगळ्यांच्या पुढे होते आणि भोंग्यावर माझं नाव, बाबाचं नाव, गावाचं नाव वाजत होतं. आर्णी रोडला लागल्यावर दोन मुली माझ्या पुढे गेल्या, शांतपणे, जणू बाजारात निघाल्यात. मी तिसरी. तिसरा नंबरही मला चालणार होता. वाटेत टेबलांवर पाण्याचे पेले मांडले होते, मी नियमाप्रमाणे घेतले नाहीत. जीभ टाळूला चिकटली होती. अर्ध्या अंतरावरून परत फिरल्यावर मला समोरून येणारी धाकटी दिसली, बरीच मागे. तिच्या हातात पाण्याचा पेला होता. मला वाटलं, बाबाला सांगते आता हिचं.

परतीच्या वाटेवर, चढ लागला तिथं, पाय मोडला. आवाज झाला, तो मी ऐकला. मी रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर बसले. मोजा फोडांना चिकटला होता आणि त्याखाली नडगी जिथं वाकू नये तिथं वाकली होती. रडू येत नव्हतं. तोंडात थुंकीसुद्धा नव्हती.

धाकटी आली. तिचं पळणं मी आयुष्यात पहिल्यांदाच बाहेरून पाहिलं, तोवर ती कायम माझ्या बाजूला असायची. लहान पावलं, सगळी सारखी. तोंड मिटलेलं. मी म्हणाले, "थांब." ती हळू झाली. माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं. मी पुन्हा म्हणाले, "थांब ना गं." तिच्यामागे थोड्या अंतरावर पिवळ्या बनियनची एक मुलगी येत होती. धाकटीनं मान वळवून तिला पाहिलं. दोघी पुढे गेलेल्या, मी खाली बसलेली, आता तिसरी कोण हे तिला कळलं. मला ते तिच्या चेहऱ्यावर उमटताना दिसलं.  तिनं पाऊल लांब टाकलं आणि गेली.

मला जीपमध्ये घालून मैदानावर आणलं तेव्हा भोंग्यावर तिचं नाव चाललं होतं. नावापाठोपाठ बाबाचं नाव. बाबा माइकजवळ उभा होता आणि तीन वेळा पुकारल्यावर मगच माझ्याकडे आला. त्यानं गुडघ्यापासून खाली हात फिरवत पाय चाचपला, बाजारात चाचपतात तसा. मग आईकडे वळून म्हणाला, "आता हिच्यासाठी पाहुणे पाहा लागते." राग नव्हता त्याच्या बोलण्यात. जनावर कामातून गेलं की पुढची सोय बघायची, एवढंच.

धाकटी नागपूरला गेली. निघताना तिनं माझ्या पाया पडून निरोप घेतला आणि मी आशीर्वाद दिला, कारण शेजारणी बघत होत्या. मला उमरखेडकडचं स्थळ आलं. नवऱ्याचं कापडाचं दुकान आहे, माणूस बरा आहे, पायाबद्दल त्यानं कधी टोमणा मारला नाही. हाड जुळलं ते जरा वाकडंच. थंडीत दुखतं. पुढे कोर्टानं पटाला पुन्हा परवानगी दिली आणि बाबा आम्हा दोघींनाही विसरला. नवी जोडी घेतली. मी माहेरी गेले की तो मला बैल दाखवायला गोठ्यात नेतो, अंडी किती चारतो ते सांगतो. धाकटीला राज्यपातळीवर पदक मिळालं तेव्हा आईनं त्याला फोन लावून दिला, तर तो तिलाही बैलाचं सांगत बसला.

आता ती पोलिसात अधिकारी आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या शाळेनं तिला भाषणाला बोलावलं. विषय होता, धावण्यानं मला काय शिकवलं. मी उमरखेडहून मुद्दाम आले. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर आईशेजारी बसले. ती छान बोलली. शिस्त म्हणाली, सातत्य म्हणाली, वडिलांनी पहाटे उठवल्याचं म्हणाली. मनगटं बांधल्याचं सांगितलं, त्याला तिनं बहिणींचं बंधन असं गोंडस नाव दिलं. मी ऐकत होते. मग ती शर्यतीवर आली.

"माझी ताई रस्त्यात पडली होती," ती म्हणाली. "पाय मोडला होता. मी थांबणार, तेवढ्यात ताई म्हणाली, माझ्यासाठी थांबू नको, तू जा. मी आज इथं उभी आहे ती त्या एका शब्दामुळे. आपल्या माणसासाठी मागे राहायचं असतं, हे मला ताईनं शिकवलं."

पोरं टाळ्या वाजवू लागली. मुख्याध्यापकांनी मला उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. आईनं पदर डोळ्यांना लावला. एका बाईंनी येऊन माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं. सगळी शाळा माझ्याकडे बघत होती आणि मी मान हलवून हो, हो करत होते. दुसरं काय करणार होते? माइक तिच्याकडे होता.

संध्याकाळी तिनं मला गाडीनं आर्णीच्या स्टँडवर सोडलं. गाडीत आम्ही दोघीच होतो. 

"राग आला का ताई?" तिनं विचारलं.

"कायचा?"

"भाषनाचा."

"मी थांब म्हनलतं," मी म्हणाले. "दोन डाव म्हनलतं."

तिनं समोरची ट्रॅक्टर-ट्रॉली ओलांडली, मग बोलली. "मले मालूम हाय. पन तसं सांगतलं असतं तं पोट्ट्यायनं टाळ्या कायले वाजवल्या असत्या? अन् तुले फूल कोनं देल्लं असतं?"

ती चिडून बोलली नाही, समजावून बोलली.  स्टँडवर तिनं माझी पिशवी उतरवून दिली, पाण्याची बाटली घेऊन दिली आणि एसटी सुटेपर्यंत थांबते म्हणाली. मी म्हणाले, तू निघ. ती निघाली.

तिचं चुकलं नाही. मी तिच्या जागी असते तर वेगसुद्धा कमी केला नसता. ती थांबली असती तर माझं हाड जुळणार नव्हतं आणि पिवळ्या बनियनची मुलगी नागपूरला गेली असती. सगळे हेच सांगतात, आणि एवढं मलाही कळतं. तरी मला ती थांबायला हवी होती. दोघी त्या दुभाजकावर बसून राहिलो असतो, दोघींच्याही हातून नागपूर गेलं असतं, कालव्यावर, गोठ्यावर, पाहुण्यांपुढे दोघी परत आलो असतो. तिचं वाटोळं झालं असतं. मला ते चाललं असतं.